निळ्या ज्योतीची अट

पांतेलेय बुर्लाकूने चौतीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरून शेगड्या तपासल्या आणि त्यांतली बहुतेक वर्षं एकच टोमणा ऐकला. "आधी घरची विझव, मग आम्हाला शिकव!" टोमणा त्याला लागायचा, कारण तो खरा होता. रिब्नित्सा गावच्या गॅस कचेरीचा हा तपासनीस. हातात साबणाच्या पाण्याची बाटली, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि तोंडात कायम एकच वाक्य, "वापर नसेल तेव्हा बर्नर बंद ठेवा." आणि त्याच्या स्वतःच्या घरी, सहा नंबरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, शेगडीचा मागचा उजवा बर्नर अहोरात्र पेटलेला. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे तपासनिसाच्या नाकाखाली उजेड होता, आणि तो साऱ्या गावाला दिसत होता.

ती ज्योत त्याच्या बायकोची, फ्रोसिनाची. सोव्हिएत राज्य मोडलं त्या हिवाळ्यात गावात काड्यापेट्या मिळेनाशा झाल्या. गॅस मात्र मॉस्कोहून धो धो येत होता, त्याचे पैसे कोणी धड मागत नव्हतं आणि कोणी धड देतही नव्हतं. फ्रोसिनाने एक बर्नर अगदी बारीक करून पेटता ठेवला आणि त्यावरून कागदाच्या सुरळीने बाकीचे पेटवायला लागली. "काडी वाचते," ती म्हणायची. पुढे दुकानं काड्यापेट्यांनी भरली, तरी ज्योत राहिली. टंचाई पाहिलेली बाई. काड्यापेट्या दिसतील तिथे विकत घ्यायची आणि ओट्याच्या खणात टाकायची, वापरायची एकही नाही. त्या ज्योतीवर पातेलंभर पाणी कायम कोमट, वर दोरीवर पोरांचे मोजे वाळत. पांतेलेय चिडला की ती शांतपणे सांगायची, "तुझी कचेरी उंबऱ्याच्या बाहेर, म्हाताऱ्या. आत तपासनीस मी." तेव्हा तो म्हातारा नव्हता. पण आमच्याकडे बायका लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून नवऱ्याला म्हातारा म्हणायला लागतात.

खरं तर फ्रोसिनाने वेगळं काहीच केलं नव्हतं. नीस्त्र नदीच्या पूर्वेकडचा हा आमचा चिंचोळा पट्टा मोल्दोवातून फुटून निघाला, त्याने स्वतःचा झेंडा केला, स्वतःचे रुबल छापले, आणि जगातल्या एकाही देशाने त्याला देश म्हटलं नाही. मग जगायचं कशावर? मॉस्कोच्या गॅसवर. त्यावर वीज, त्यावर पोलादाचा कारखाना, त्यावरच घरोघरचे रेडिएटर. जानेवारीत घर फार तापलं तर आम्ही रेडिएटर कमी करत नव्हतो, खिडकी उघडत होतो. फुकट ते पौष्टिक! तीस वर्षं आम्ही ते खाल्लं, आणि खाताना एकानेही विचारलं नाही की हे ताट कोणी वाढलंय आणि तो ते कधी ओढून घेईल.

ते ओढून घेतलं गेलं नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी. नळी युक्रेनमधून यायची. युक्रेन आणि रशिया तीन वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेले. करार संपला. कीव म्हणालं, आमच्या जमिनीतून आता तुमचा गॅस नाही. मॉस्को म्हणालं, दुसऱ्या वाटेने देऊ, पण आधी किशिनावने, म्हणजे मोल्दोवाच्या सरकारने, जुनी बाकी भरावी. किशिनाव म्हणालं, कसली बाकी? तिकडे युरोपवाले म्हणाले, आम्ही चिंतेत आहोत. सगळ्यांचंच म्हणणं आपापल्या जागी बरोबर असेल. फक्त यांतल्या कुणालाही फ्रोसिनाच्या बर्नरचा पत्ता माहीत नव्हता.

एक तारखेला रेडिएटर गार पडले. गॅस लगेच गेला नाही, नळ्यांत उरलेला येत राहिला. ज्योत रोज खुजी होत गेली. फ्रोसिना स्टूल घेऊन तिच्यासमोर बसू लागली. चार तारखेला दुपारी ज्योत शेंगदाण्याएवढी झाली, मग निळा ठिपका राहिला, मग काहीच नाही.

"गेली," फ्रोसिना म्हणाली. घरातलं माणूस गेल्यावर म्हणतात तसं म्हणाली.

पांतेलेयने पहिलं काय केलं, तर पिठाच्या डब्यामागे हात घालून भिंतीतला मुख्य कॉक बंद केला. हाताला सवय ती. फ्रोसिनाने ते पाहिलं.

त्याच संध्याकाळी कचेरीतून झिनाचा फोन आला. झिना आताची तपासनीस, पांतेलेयनेच तिला साबणाचं पाणी लावून गळती कशी बघायची ते शिकवलेलं. ती त्याला बादे म्हणायची. थोरल्या भावाला म्हणतात तसं. "बादे, माझ्याकडे साठ इमारती आहेत आणि पाय दोन. तुमची तेवढी तुम्ही बघता का? प्रत्येक घरातला कॉक बंद झाला पाहिजे. गॅस कधी परत येईल सांगता येत नाही."

पांतेलेय पिशवी घेऊन निघाला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण कुणाला तरी आपली गरज आहे या विचाराने त्याला जरा बरं वाटलं. वरच्या मजल्यावर क्लावदिया सेम्योनोव्हना राहायची, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. दोन कोट एकावर एक घालून तिने दार उघडलं. शेगडीचे चारही बर्नर उघडे होते.

"हे काय?" पांतेलेय ओरडला.

"ओरडू नका. गॅस आला की फुस्स आवाज होईल. कळायला नको?"

"कळेल ना. तुम्हाला नाही, शेजाऱ्यांना कळेल. वासावरून."

"आपण पाण्याचा नळ नाही का उघडा ठेवत, पाणी गेलं की?"

"बाई, पाणी आलं तर लादी भिजते. हा आला तर माणूस झोपेतून उठत नाही."

"आणि तुमच्या घरी हो? तीस वर्षं जळतेय ती?"

"ती पेटती होती. पेटती परवडली, उघडी नको. एवढा जगाचा नकाशा शिकवलात, एवढं कळत नाही?"

क्लावदिया सेम्योनोव्हना हसली आणि तिने चारही बर्नर फिरवले. पण अठ्ठावीस घरांपैकी एकोणीस घरांत त्याला बर्नर उघडे सापडले. कुणी वर कागदाची चिठ्ठी ठेवली होती, हलली की कळावं म्हणून. पाचव्या मजल्यावर एकाने देवासमोरचा दिवा उचलून शेगडीवर ठेवला होता, गॅस आला की आपोआप पेटेल म्हणून. पांतेलेयने तो दिवा पुन्हा देवासमोर ठेवला आणि त्या माणसाला आईवरून शिव्या दिल्या. असा आमचा गाव. गॅसवर एवढा विश्वास, की तो परत येईल याबद्दल कुणाला शंका नव्हती, फक्त तो येताना चुकवायचा नव्हता.

फ्रोसिनाला खोकला तिसऱ्या दिवशी सुरू झाला. तरुणपणी साखर कारखान्यात चुन्याच्या धुरात काम केलेलं, छाती तेव्हापासूनच अधू. घरात आठ अंश, मग सात. वीज चार तास असायची, चार तास नसायची, पुढे आठ तास नसायची. विजेची शेगडी लावली की सगळ्या इमारतीचीच वीज उडायची.

आणि नदीपलीकडे, पुलाच्या त्या टोकाला, मोल्दोवातलं रेझिना, गॅस युरोपातून घेणारं. तिथे त्यांची मुलगी आउरिका राहत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची इमारत दिसायची, संध्याकाळी पाचला सगळ्या खिडक्या उजळलेल्या. पुलावर आमचा एक शिपाई पासपोर्ट बघायचा, की झालं. चालत वीस मिनिटं. पांतेलेयच्या जिवाला घोर लागला तो या वीस मिनिटांचा. आपल्याकडे थंडीने माणसं मरतात ती रस्ता नसतो म्हणून. इथे रस्ता होता.

सात तारखेला, जुन्या कॅलेंडरने येणाऱ्या आमच्या नाताळच्या दिवशी, आउरिका गरम पातेली ब्लँकेटांत गुंडाळून पूल ओलांडून आली. कोंबडीचं सार, मामालिगा म्हणजे मक्याचा घट्ट सांजा, कोबीचे मुटके. आईच्या कपाळावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला.

"आई, ऊठ. बॅग मी भरते. दोन खोल्या आहेत माझ्याकडे, गरम आहेत."

"जेव आधी," फ्रोसिना म्हणाली.

"मी जेवायला नाही आले. तुला न्यायला आलेय."

"मी येईन की. ज्योत पेटली की येईन."

"आई, ती पेटेल तेव्हा इथेच गरम असेल, मग यायचंच कशाला?"

"पाहुणी म्हणून." फ्रोसिनाने शाल आवळून घेतली. "घर गरम असेल, शेगडी पेटती असेल, मी प्लाचिंते, त्या चीज भरलेल्या पोळ्या, तळून घेऊन येईन तुझ्या पोरांसाठी. आत्ता येणार नाही. गारठून, हात पसरून तुझ्या दारात उभी राहणार नाही मी."

आउरिकाने तरीही बॅग भरून दाराशी ठेवली. पण हे कुठून आलं ते ती जाणून होती. गेल्या ईस्टरला याच टेबलावर दोन पेले दारू पोटात गेल्यावर ती म्हणाली होती, "तुम्ही सगळे फुकटचं खाऊन मिंधे झालात, एक दिवस रशिया नळ बंद करेल आणि मग याल आमच्या दारात." म्हणाली ते काही चुकीचं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. फ्रोसिनाने तेव्हा फक्त टेबल पुसलं होतं. पोरीने शब्द टाकला आणि विसरली, आईने तो उचलून ठेवला. काड्यापेट्यांसारखा.

"मी माफी मागते, आई. मूर्ख होते मी."

"तू मूर्ख नव्हतीस. म्हणून तर येत नाही."

आउरिका निघाली तेव्हा जिन्यात बापाचा हात धरून रडली. "बाबा, उचलून आणा तिला."

"तुझ्या आईला आजवर कुणी उचललंय?"

पुढचे दोन आठवडे बातम्यांचे. किशिनाव म्हणालं, आम्ही युरोपातून गॅस घेऊन देतो, तुम्ही फक्त हो म्हणा. तिरास्पोल या आमच्या राजधानीतले साहेब म्हणाले, नको, मॉस्को बघेल. मॉस्को म्हणालं, बघू. युरोपने पैसे पुढे केले, आमच्यांनी ते हातात घ्यावे की नाही यावर सभा भरवल्या. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. क्लावदिया सेम्योनोव्हना जिन्यात म्हणायची, "रशिया आपल्याला टाकणार नाही." खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "टाकलं की केव्हाच! तुम्हाला अजून पडल्याचा आवाज आला नाही एवढंच!" पांतेलेयचा मुलगा रुस्लान रशियात व्होरोनेझला बांधकामावर होता, तो व्हिडिओ कॉलवर सांगायचा, "थोडी कळ काढा, इथल्या टीव्हीवर सांगतायत, आठवड्याभरात सुटेल." त्याच्या मागे रेडिएटरवर कपडे वाळत असलेले दिसायचे.

पांतेलेयच्या घरातही वाटाघाटी चालल्या होत्या, आणि त्याही तशाच. तो म्हणायचा, चार दिवस चल. ती म्हणायची, ज्योत. तो म्हणायचा, खोकला बघ. ती म्हणायची, कॉक उघडून बघितलास का आज? एकदा तो चिडून म्हणाला, "ज्योत, ज्योत! तुझं कोण लागते ती?"

फ्रोसिनाने विझलेल्या बर्नरवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तू किती घरांना सील लावलंस रे?"

त्याला समजलं. कारखाने बसले, पोरं रशियाला गेली, इटलीला गेली, म्हातारे मेले. रिकाम्या घरातला गॅस बंद करून कॉकला तार गुंडाळायची, तारेवर शिशाचं सील दाबायचं, चिठ्ठी लावायची, हे तपासनिसाचंच काम. त्यांच्या इमारतीत साठ घरं होती, अठ्ठावीस उरली होती. बाकी बत्तीस त्याच्याच हातांनी बंद झालेली. जाताना प्रत्येकजण म्हणालेला, आम्ही येऊच. त्यांतलं एकही सील पुन्हा तोडायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

"मी गेले की हे तेहेतीसावं," ती म्हणाली. "पेटलेलं घर सोडून गेलं तर परत येता येतं. विझलेल्या घरात कोण येतं?"

त्या दिवसापासून पांतेलेयच्या डोक्यात सिलिंडर आला. त्याच्या चुलतभावाकडे एक लहान लाल सिलिंडर होता, नाताळला डुक्कर कापलं की त्याचे केस जाळायला वापरायचे तो. शेगडीमागची नळी सोडवायची, सिलिंडर जोडायचा, डब्याआड लपवायचा, आणि हाक मारायची, फ्रोसिना, आला गॅस! ती ज्योत बघेल, तिची अट पुरी होईल. वीस मिनिटांचा रस्ता. दुपारपर्यंत ती आउरिकाच्या गरम खोलीत असेल.

पण घरात सिलिंडर जोडला म्हणून याच पांतेलेयने एका शेजाऱ्याला दंड लावला होता. चौतीस वर्षांत एक खोटी जोडणी त्याने केली नव्हती, आणि बायकोशी एक मोठी थाप मारली नव्हती. तो आठ दिवस विचार करत बसला. त्या आठ दिवसांचं त्याला पुढे फार वाटलं. विचार करायला माणसाकडे नेहमी वेळ असतो असं माणूस समजतो.

बावीस तारखेला सकाळी घरात पाच अंश होते. फ्रोसिना तीन रजया घेऊन झोपली होती आणि तिच्या छातीतून जुन्या दारासारखा आवाज येत होता. पांतेलेय भावाकडून सिलिंडर पोत्यात घालून घेऊन आला. दार लावून घेतलं. नळी सोडवली, जोडली, साबणाचं पाणी लावून बघितलं. बुडबुडा नाही. हत्यारांच्या पिशवीत पत्र्याचा डबा होता, त्यात पितळी नोझल. नळाच्या गॅसला मोठ्या भोकाचं नोझल लागतं, सिलिंडरच्या गॅसला बारीक, हे तो झोपेतही सांगेल. बारीक नोझल त्याने हातात घेतलंही. बोटं बधिर होती. ते दोनदा निसटून लादीवर पडलं, आवाज झाला, आत फ्रोसिना कुशीवर वळली. ती उठायच्या आत व्हायला हवं होतं. त्याने नोझल खिशात टाकलं. जळायचं ते जळेलच, म्हणाला. खणातली एक काड्यापेटी उघडली, पाचवी काडी पेटली, आणि मागच्या उजव्या बर्नरवर ज्योत आली.

"फ्रोसिना! फ्रोसिना, आला!"

ती रजईसकट आली. भिंतीला धरत, पाय ओढत, पण आली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की पांतेलेयला क्षणभर वाटलं, चांगलंच केलं आपण. ती स्टुलावर बसली. दोन्ही हात पुढे केले. बॅग दाराशी तयारच होती, सात तारखेला आउरिकाने भरून ठेवलेली.

"चल आता," तो म्हणाला. "ठरलं होतं ना. मी आउरिकाला फोन करतो."

फ्रोसिना ज्योतीकडे बघत होती. ज्योत उंच होती, लपलपत होती, आणि तिचं टोक पिवळं होतं. पातेल्याच्या बुडाला काजळी धरायला लागली होती.

"किती वर्षं तपासनीस होतास, म्हाताऱ्या?"

"चौतीस."

"मग ही पिवळी कशी?"

त्याने बर्नर बारीक केला, टोक पिवळंच राहिलं.

"सिलिंडरची आहे," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतीच. "तीस वर्षं बघतेय मी माझी. निळी असते. अशी जीभ काढत नाही."

"फ्रोसिना, अगं, तुझ्यासाठीच..."

"टीव्हीवाले खोटं बोलतात. रुस्लान बोलतो, त्याला तरी काय माहीत. पलीकडचेही बोलतच असतील. तू एक राहिला होतास."

तिने हात पुढे करून स्वतः बर्नर बंद केला आणि भिंतीला धरत परत गेली. पांतेलेयने सिलिंडर सोडवला, पोत्यात घातला. बारीक नोझल त्याच्या खिशातच होतं. दोन मिनिटांचं काम होतं ते. नोझल बदललं असतं तर ज्योत निळी आली असती, फ्रोसिना हसली असती, आणि दुपारी पूल ओलांडला असता. जगातल्या कुणी मंत्र्याने, कुणी राजदूताने नव्हे, त्याने स्वतः, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची नोझल तपासली त्याने, आपलं बदललं नव्हतं. हा विचार त्याच्या मनातून आजही जात नाही.

तीन दिवस ती बोलली नाही. चौथ्या दिवशी तापाने बडबडायला लागली, तेव्हा त्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या. दवाखान्यात जनरेटरवर दोन खोल्या गरम ठेवल्या होत्या, त्यांतल्या एका खोलीत तिला जागा मिळाली. डॉक्टरीणबाईने छाती तपासली आणि पांतेलेयला बाहेर नेऊन म्हणाली, "दहा दिवस आधी आणायचं होतं." आउरिका पुलावरून धावत आली. गरम खोलीत आई आणि मुलगी अखेर एकत्र बसल्या, पण आई बहुतेक वेळ झोपेतच होती.

शेवटच्या संध्याकाळी ती जागी झाली आणि तिने पांतेलेयकडे बघितलं. पूर्ण शुद्धीवर होती.

"आला का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

यावेळी तो खोटं बोलला नाही. बोलायला हवं होतं, असं त्याला अजून वाटतं.

ती सत्तावीस तारखेला पहाटे गेली. खड्डा खणणाऱ्यांनी गोठलेल्या मातीवर आधी टायर जाळले, मग कुदळी चालवल्या. मृताच्या नावाने वाटायचा कोलिवा, तो गोड उकडलेला गहू, शिजवायला गावात कुणाच्या घरी विस्तव नव्हता. आउरिकाने तो रेझिनात आपल्या शेगडीवर शिजवला आणि थाळ कोटाखाली धरून पुलावरून आणला. शिपायाने पासपोर्ट मागितला नाही, टोपी काढली. थाळ पोचला तेव्हा अजून कोमट होता.

एक फेब्रुवारीला गॅस आला. कुठल्या तरी सभेत कुणी तरी कशाला तरी हो म्हणालं, युरोपचे पैसे कुठून तरी कुठे तरी गेले, आणि नळ्यांत दाब चढला. वरातीमागून घोडं! जिन्यात आरोळ्या उठल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. क्लावदिया सेम्योनोव्हना खाली धावत आली, "पांतेलेय, आला! उघडा आता, तुम्ही म्हणाल तेव्हाच उघडायचं ना?" आणि मग तिला आठवलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

पांतेलेयने पिशवी घेतली आणि अठ्ठावीस घरं केली. प्रत्येक घरात खिडकी उघडायला लावली, कॉक उघडला, साबणाचं पाणी लावलं, स्वतः काडी ओढली. लोकांनी त्याचे हात धरले, कुणी वाईनचा पेला पुढे केला. त्याने घेतला नाही. सगळ्यांत शेवटी तो आपल्या घरी आला. आउरिका होती तिथे, नऊ दिवसांच्या विधीसाठी थांबलेली. त्याने पिठाच्या डब्यामागे हात घातला. फ्रोसिनाच्या खणातली काड्यापेटी काढली. जुन्या, दमट काड्या. सहा मोडल्या, सातवी धरली.

निळी. बारीक, गोल, जागच्या जागी.

दोघंही बघत राहिली. बॅग अजून दाराशीच होती, कुणी हलवली नव्हती.

"बाबा," आउरिका हळूच म्हणाली, "पेटली. चला ना आता माझ्याकडे."

"आता कशाला?" पांतेलेय म्हणाला.

तिने पुन्हा दोनदा विचारलं, आणि नवव्या दिवसानंतर एकटी पुलावरून परत गेली.

मार्चमध्ये झिना तपासणीला आली. आता गॅसला शिस्त आली होती, मापून यायचा, कचेरी घरोघर बजावत फिरत होती. झिनाने शेगडी बघितली. मागचा उजवा बर्नर बारीक पेटलेला, वर पातेल्यात पाणी, दुसरं काही शिजत नव्हतं. शेजारी एक रिकामं स्टूल होतं.

"बादे," ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा? मला काय शिकवलं होतंत? वापर नसेल तेव्हा..."

खण अर्धा उघडा होता. आत काड्यापेट्या ओळीने रचलेल्या होत्या, चाळीसेक तरी, बहुतेक न फोडलेल्या.

"काडी वाचते," पांतेलेय म्हणाला.

झिनाने खणाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग साबणाचं पाणी काढून नळीचे सांधे तपासले, आणि वहीत काही न लिहिता पुढच्या घरी गेली.